कोनाड्यातलं लोखंड

टेंभाटोल्याच्या बापूजींना माणूस दाताखाली धरून पाहायची खोड होती. वडशाच्या धानबाजारात ते वर्षानुवर्षं बसत आले होते. तिथे पोत्यात हात घालायचा, दाणा काढायचा, दाढेखाली धरायचा आणि कटकन वाजला तर वाळलेला, दबला तर ओला, असा हिशेब. तोच हिशेब ते माणसांनाही लावत. कुणी ओसरीवर येऊन बसला की याची जमा काय, याच्या नावे काय, हे त्यांच्या मनात पाणी येईस्तोवर मांडून झालेलं असे. गावात कुणाला सोयरीक करायची असली तर तो आधी बापूजींच्या ओसरीवर चक्कर मारी. बापूजी कुणाला नाही म्हणत नसत. नुसतं "दाणा ओला वाटते जी" म्हणत, आणि सोयरीक मोडे.

स्वतःच्या पोरीची वेळ आली तेव्हा मात्र त्यांच्या दाढेखाली असा दाणा आला, की तो वाजेना आणि दबेही ना.

पोरगा मुखरू. पलीकडच्या गावच्या वारलूभाऊंचा. वारलूभाऊ धान पिकवणारे, तळ्याखाली चार खाचरं असणारे साधे गृहस्थ. पोरगा मात्र नागपुरात शिकून मुंबईला गेला आणि तिथे कसल्याशा मोठ्या संशोधनाच्या संस्थेत लागला. पाहायला आला तेव्हा बापूजींनी रीतीप्रमाणे विचारलं, "काम काय करता जी तुम्ही?"

"एक मोठा लोहचुंबक आहे," मुखरू म्हणाला. "त्याच्या मधात पदार्थ ठेवतो आणि ऐकतो."

"काय ऐकता?"

मुखरूने थोडा विचार केला. "अजून नीट काई ऐकू येत नाई," तो म्हणाला, आणि पोह्यांकडे वळला.

पाहुणे गेल्यावर बापूजींची बहीण मंगली हसून हसून भिंतीला टेकली. मंगलीबाईंची जीभ म्हणजे नुकती पाजवलेली विळी. "मुंबईले जाऊन ऐकू येत नाई म्हणते. इथी राह्यला असता तर बाजाराच्या दिवशी तरी ऐकू आलं असतं."

पण पोरीने, रंभाने, आईला सांगितलं, की करीन तर याच्याशीच. कारण विचारलं तर म्हणाली, "आजवर जे आले ते सारे सगळं येते म्हणूनच सांगत होते. येत नाई म्हणणारा हा एकच पाह्यला." आईने, गोकुळाबाईंनी, हे बापूजींना सांगितलं. बापूजींनी ते मुखरूच्या जमेला धरलं, पण पेन्सिलीने.

त्यानंतर नावेची बाजू वाढत गेली. वैशाखातली तिथी ठरली, तर मुंबईहून निरोप आला की काम अर्धवट आहे, पुढे ढकला. पावसाळ्याआधीची दुसरी ठरली, तीही तशीच गेली. लग्नाची तिथी एकदा पुढे गेली तर लोक पत्रिकेला बोल लावतात. दुसऱ्यांदा गेली की पोरीला लावतात. टोल्यावर कुजबुज सुरू झाली, की मुंबईत त्याचं काहीतरी असावं आणि बापाच्या धाकाने तो नाही म्हणत नसावा. रंभा तळ्यावर पाण्याला गेली की बाया बोलायच्या थांबत. तिने आईला एवढंच सांगितलं, "त्याचं मन नसेल तर तसं म्हणाव. मी काई मरत नाई. पण मन नसताना मले नेऊ नये."

बापूजींच्या छातीवर तेव्हापासून तोच एक दगड होता. पोराचं मन आहे की नाही? बाकी सगळं त्यांना कळलं होतं. घर बरं, बाप सरळ, पोरगा निर्व्यसनी. पण मन काही दाढेखाली येत नव्हतं.

शेवटी मार्गशीर्षातली तिथी धरली. धान कापून झालेलं, खळी रिकामी, वडशाला नाटकवाल्यांचे तंबू पडलेले. गोरज मुहूर्त होता. मांडवात माणूस मावत नव्हता. वऱ्हाड दुपारीच येऊन मारुतीच्या देवळाशेजारी जानोशाला उतरलं, आणि उन्हं कलताना सनई-डफड्यासकट नवरदेव निघाला.

आता आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. हळद लागली की अंगाला वारं लागतं, म्हणून नवरदेवाच्या हातात लोखंड असतं. टोकाला लिंबू खोचलेली कट्यार. ती जेवताना मांडीवर, निजताना उशाशी. ती हातावेगळी करायची नाही. हळदीच्या अंगाने लोखंड खाली ठेवलं तर जुनी माणसं एकच अर्थ काढतात : हे लग्न याला नको.

दारात गोकुळाबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. बापूजी खांबाला टेकून येणाऱ्या माणसांचे चेहरे चाळत होते. नवरदेवाच्या बाजूला एक अनोळखी माणूस चालत होता. काळासावळा, शहरी विजार, कानाशी लागून सारखा बोलणारा. तो नुकताच गोंदियाकडून येणाऱ्या छोट्या गाडीने वडशाला उतरला होता आणि स्टेशनातून थेट वरातीत घुसला होता. नवरदेव त्याचं ऐकत होता आणि हसत होता. बापूजींनी मुखरूला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. त्यांना बरं वाटलं. दोघंही बोलत बोलतच उंबऱ्यापाशी आले, दाराच्या गर्दीत क्षणभर दिसेनासे झाले, आणि मग नवरदेव आत आला.

मंगलीबाईंची नजर आधी हातांवर गेली.

"हात मोकळे करून आला पोट्टा," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण सनई तेवढ्यात श्वास घ्यायला थांबली होती. "आता मन बी मोकळं करून सांग म्हणा."

मुखरूने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. उजवा हात, मग डावा. "माह्या हातात होती," तो म्हणाला. "आत्ताच होती जी."

"मंग गेली कुठी?"

"ते नाई सांगता येत."

वारलूभाऊंचं तोंड उतरलं. ते पोराच्या जवळ जाऊन हळूच म्हणाले, "मुखरू, नको असेल तर देवळातच सांगायचं होतं न बाबा. लोकाच्या मांडवात येऊन असं करतेत का?" मुखरू म्हणाला, "नको असं कोण म्हणते?" पण ते ऐकायला कुणी उरलं नव्हतं. आत बातमी गेली होती. बायांच्या घोळक्यातून गोकुळाबाई बाहेर आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पोरगी बाशिंग सोडा म्हणते. शांतपणानं म्हणते. मले तिचं ओरडणं चाललं असतं, हे नाई चालत."

बापूजी दाराकडे गेले. गर्दीत हरवलेली वस्तू गर्दीतच शोधायची, हा बाजाराचा नियम. उंबऱ्याच्या उजव्या हाताला, छातीच्या उंचीवर दिव्याचा कोनाडा होता. दिवा आरतीच्या ताटात गेल्यामुळे तो रिकामा असायला हवा होता. तो रिकामा नव्हता.

कोनाड्यात कट्यार होती. मूठ आतल्या बाजूला, लिंबू जसंच्या तसं. तिच्या शेजारी मनगटी घड्याळ. मग किल्ल्यांचा जुडगा. मग दुसरं घड्याळ, दुसऱ्या किल्ल्या, आणि एक बारका पेचकस. सगळं ओळीत, पंगतीला पानं मांडावीत तसं. फेकलेलं किंवा लपवलेलं काही असं दिसत नाही.

बापूजींनी ती ओळ बोटाने मोजली. मग वळून म्हणाले, "हे दुसरं घड्याळ कोणाचं?"

तो काळासावळा पाहुणा पुढे झाला. आपल्या मनगटाकडे पाहून तो चकित झाला. "माझंच की," तो म्हणाला. त्याच्या मराठीला सिरोंच्याकडचा तेलुगू हेल होता. "माझं नाव पोचू. मुखरूसोबत काम करतो. तिथल्या कारखान्यात त्याला लागतील ती यंत्रं घडवून देतो."

"तुमचं लगन आहे का आज?"

"नाही जी. माझं होऊन गेलं."

"मंग तुम्ही काऊन लोखंड सोडलं?" बापूजी म्हणाले. "नवरदेवाचं मन फिरलं असेल, धरून चालू. पण तुमचं घड्याळ काऊन फिरलं?"

मुखरू कोनाड्यापाशी आला, आत पाहिलं आणि मटकन ओसरीच्या कडेवर बसला. हळदीच्या अंगाने तिथे बसायचं नसतं, पण आज सांगणार कोण.

"आमच्या खोलीच्या दारात अशीच फळी आहे," तो म्हणाला. "उजव्या हाताला, इतक्याच उंचीवर. चुंबक मोठा आहे न जी. किल्ली खिशातून ओढून घेते. घड्याळ तर कायमचं बिघडते. आणि लोखंड आत गेलं की आमचं मापच हलते, सारा दिवस वाया. म्हणून आत जाताना अंगावरचं लोखंड फळीवर. पह्यल्यांदा ध्यानात ठेवा लागते, मंग हातच ठेवते."

"पण हे माझं घर आहे न बाप्पा," बापूजी म्हणाले. "इथी कुठी आला चुंबक?"

"पोचूभाऊनं बातमी आणली. बोलता बोलता मी तिकडेच होतो."

मंगलीबाई मागून म्हणाल्या, "वा. नवरी इकडे आणि नवरदेव तिकडे. दादा, शिकलेल्या माणसाले गोष्ट रचाले किती वेळ लागते? दोघं मिळून आले, दोघांनी मिळून ठरवली."

मांडवातल्या निम्म्या माना हलल्या. बापूजींनी ते मोजलं. त्यांना पोराचं म्हणणं पटत होतं, पण त्यांच्या पटण्यावर रंभाला टोल्यातून मान वर करून निघता येणार नव्हतं, आणि खुद्द रंभाला पटल्याशिवाय तर मुळीच नाही. पोत्याच्या तोंडाशी चांगला दाणा सगळेच ठेवतात. खालचा काढून पाहिल्याशिवाय भाव होत नाही.

त्यांनी घसा खाकरला. "लोखंड सुटलं तर त्याची रीत आहे," ते मोठ्याने म्हणाले. "नवरदेवानं मारुतीपर्यंत माघारी जावं, देवाले हात लावावा, लोखंड हाती घेऊन पुन्हा यावं. मुहूर्ताले वेळ आहे." अशी रीत आहे की नाही हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं, पण बापूजींनी सांगितल्यावर ती होतीच. मग ते बहिणीच्या कानाशी वाकले. "मंगली, तू कोनाड्याजवळ उभी राह्य. रंभाले दाराच्या आडून पाहू दे. तोंडाकडे पाहू नका, हाताकडे पाहा."

घड्याळं, किल्ल्या ज्याच्या त्याला दिल्या. कट्यार मुखरूच्या मुठीत दिली. देवळात मारुतीला हात लागला, आणि परतताना बापूजी जावयाच्या एका बाजूला आणि पोचू दुसऱ्या बाजूला, असे तिघे निघाले. डफडेवाल्यांना बापूजींनी मागे राहायला सांगितलं.

"आता सांगा," ते म्हणाले. "बातमी काय होती?"

मुखरूने त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. "तुम्ही खरंच विचारून राह्यले का जी?"

"मी उगाच काई विचारत नाई."

"मामाजी, कोणतीही वस्तू घ्या. मीठ, मेण, दगड. तिच्या पोटात बारीकबारीक कण आहेत, आणि प्रत्येक कण म्हणजे इवलासा चुंबक. मोठ्या चुंबकात ठेवलं की ते आपापल्या आवाजात बोलतेत. आवाज ओळखला की आत काय आहे ते न फोडता कळते."

"न फोडता?" बापूजी थांबले. "दाताखाली न धरता?"

"न धरता. पाण्याचं, तेलाचं असं कळते. पातळ वस्तूतले कण सारखे गिरक्या घेतेत, म्हणून शेजाऱ्याचा गलबला एकमेकांत जिरून जाते आणि आवाज सुईसारखा बारीक येते. पण घट्ट वस्तूत सारे जागच्या जागी बसलेले. जो तो शेजाऱ्याच्या कानात ओरडते. मंग काय येते? कासवाच्या पाठीसारखा नुसता फुगवटा. त्यात कोणाचा आवाज कोणता, काई समजत नाई."

"वडशाचा बाजार," बापूजी म्हणाले.

"तोच. माह्या वाट्याले घट्ट वस्तू आल्या. आणि जे ठेवावं त्याचा फुगवटाच. मले वाटे, माहीच चूक आहे. माहा चुंबक सरळ नसेल, माहा हात वाईट असेल. दोनदा सारं खोलून बसवलं. लोक विचारत, काय ऐकू आलं, आणि मी काय सांगू?" त्याने कट्यार मुठीत फिरवली. "वैशाखात येणार होतो. पण चूक सापडल्याबगर यावं कसं? जो माणूस आपल्या कामात नापास, त्याच्या हाती पोरगी कोण देते, असं वाटे."

वैशाख आणि त्यानंतरची दुसरी तिथी, दोन्ही बापूजींच्या मनात नावेच्या बाजूला मोठ्या अक्षरात होत्या. ती अक्षरं आता जरा पुसट व्हायला लागली.

"मंग?"

"मंग आज पोचूभाऊनं सांगितलं. बोटीनं विलायतेतलं मासिक आलं. तिथल्या लोकायचाही फुगवटाच येत होता. साऱ्यायचाच येते. घट्ट वस्तूचा स्वभावच तो. चूक कोणाचीच नोहती." हे म्हणताना मुखरूचा श्वास असा सुटला, की डोक्यावरून मोळी उतरवलेला माणूस आठवावा. "आणि त्याहिच्या पुढचं ऐका. त्यायनं ती घट्ट वस्तू भोवऱ्यासारखी फिरवली. हवेच्या झोतावर, लय जोरात. उभी नाई, आडवी नाई. एका ठरल्या तिरपीत."

"तिरपी काऊन?"

"त्या तिरपीत शेजाऱ्यापाजाऱ्याचं ओरडणं एकमेकांले छाटते. फुगवटा बसते आणि सुई वर येते."

"भोवरा मी घडवतो आहे," पोचू म्हणाला. "अजून फुटतो. जोरात फिरवला की चिंधड्या. पण होईल."

"फुटते कारण तू भिंत पातळ ठेवते," मुखरू म्हणाला.

"भिंत जाड ठेवली तर वस्तू कुठे ठेवू? तुझ्या डोक्यात?"

आणि मग ते दोघे सुटले. बापूजी जाणूनबुजून अर्धं पाऊल मागे राहिले. भिंत किती, झोत कुठून, तिरपी कशी मोजायची. मुखरू कट्यार हवेत धरून तिरपी दाखवत होता आणि लिंबू डुगडुगत होतं. मांडवाची तोरणं आली, माणसं बाजूला झाली, हे त्यांना कळलंही नाही. उंबऱ्यासमोर पोचू म्हणाला, "परत गेल्यावर आधी मेण लावून पाहू," आणि बोलता बोलता मनगटाचं घड्याळ सोडून त्याने कोनाड्यात ठेवलं. मग किल्ल्या ठेवल्या, पेचकस ठेवला.

त्याच ओघात मुखरूचा हात कट्यार घेऊन कोनाड्याकडे गेला.

पण कोनाड्यावर आता मंगलीबाईंचा पंजा आला होता. कट्यारीची मूठ त्यावर टेकली. मुखरू म्हणाला, "पण मेण मऊ आहे, ते..." आणि मऊ काहीतरी खरंच हाताला लागल्यावर त्याने वर पाहिलं.

आधी कुणीच हसलं नाही. मंगलीबाईंनी पोचूने ओळीत मांडलेल्या वस्तू पाहिल्या, मुखरूचा अर्धवट उघडा हात पाहिला, त्याचं खरोखर ओशाळलेलं तोंड पाहिलं. आयुष्यात त्यांनी कुणाला क्वचितच मोकळं सोडलं होतं. त्यांनी त्याची बोटं एकेक करून मुठीवर मिटली.

"धर बाप्पा," त्या म्हणाल्या. "हे चुंबक नाई, नवरी आहे. हिले लोखंड चालते."

दाराच्या आडून हसू आलं. आधी दाबलेलं, मग न दाबता येणारं. ते रंभाचं होतं, आणि नवरीने असं हसायचं नसतं हे तिला सांगायला गेलेल्या गोकुळाबाई स्वतःच पदर तोंडाला लावून परत आल्या. "बाशिंग राहू द्या म्हणते," त्या नवऱ्याला म्हणाल्या. वारलूभाऊंनी खांबाला धरून डोळे पुसले आणि सनईवाल्याला म्हणाले, "तू काऊन पाहून राह्यला? वाजव न."

बापूजी ओसरीवर बसले. आजवर त्यांनी माणसांची तोंडं चाळली होती, बोलणं चाखलं होतं. पण तोंडाला शिकवता येतं, हाताला नाही, हे त्यांना आज साठीच्या आत-बाहेर कळलं. तेही बरंच झालं, त्यांनी मनाशी म्हटलं. आधी कळलं असतं तर टोल्यातली निम्मी लग्नं जुळली नसती.

मुहूर्त साधला. अंतरपाट धरला तेव्हा मुखरूने कट्यार अशी घट्ट धरली होती, की भटजींना अक्षता त्याच्या डाव्या हातात द्याव्या लागल्या. जेवणाच्या पंगतीत मंगलीबाईंनी त्याच्या पानात दुसऱ्यांदा बुंदी वाढली आणि विचारलं, "तुमच्या चुंबकाले सोनं चालते का जी?"

"चालते. सोन्याकडे तो पाह्यत बी नाई."

"मंग रंभाचं मंगळसूत्र फळीवर ठेवा नाई लागणार."

"नाई."

"हे बरं झालं," मंगलीबाई म्हणाल्या. "थे ठेवलं असतं तर मी मुंबईले आली असती."

सकाळी रंभाची पाठवणी झाली. बैलांची दमणी तळ्याच्या पाळीवरून वडशाच्या वाटेला लागली, आणि गोकुळाबाई रडून झाल्यावर चुलीकडे वळल्या. बापूजी दिवा कोनाड्यात ठेवायला गेले, तर तिथे टिकटिक चालू होती. पोचूचं घड्याळ, किल्ल्या आणि पेचकस, ओळीत, रात्री ठेवले तसेच.

"माणूस पाठवू का?" गोकुळाबाईंनी विचारलं. "गाडीले वेळ आहे अजून."

बापूजींनी घड्याळ उचललं आणि सवयीने दातांकडे नेलं. मग स्वतःशीच हसून खाली घेतलं आणि चावी दिली.

"राहू दे," ते म्हणाले. "रंभा माहेरी येईल तेव्हा नेईल. त्याले तिथी तसंही फळीवरच ठेवाचं आहे."